कोळसा खाणीच्या ओबीतून काढलेली रेती घराला वापरली, त्याचा पूर्ण रिव्ह्यू (नागपूर)

ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. बेसा भागात आमचं घर बांधून झालं, त्यात फाउंडेशन, कॉलम, स्लॅब आणि सगळी जोडाई नदीच्या रेतीशिवाय झाली, कोळसा खाणीच्या ओव्हरबर्डनमधून धुऊन काढलेली रेती वापरली. काँक्रीटला एकदम चांगली, जोडाईला पण चांगली, छपाईला (म्हणजे प्लास्टरला) मात्र चाळून घ्यावी लागते आणि मिस्त्रीच्या मागे उभं राहावं लागते. नदीच्या रेतीपेक्षा बरीच स्वस्त पडली. पाचपैकी चार स्टार. एक स्टार काहून कापला ते खाली लिहिलंय, आणि तो रेतीच्या मजबुतीसाठी कापलेला नाही.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांना सांगते. ओपनकास्ट खाणीत कोळशापर्यंत पोचायला वरची माती, मुरूम, दगड सगळं काढून बाजूला टाकतात, ते ओव्हरबर्डन, तिथले लोक नुसतं ओबी म्हणतात. उमरेडकडे जाताना किंवा खापरखेडा-सावनेर भागात रस्त्यावरून ज्या सपाट डोक्याच्या मातकट टेकड्या दिसतात नं, त्यातल्या बऱ्याच टेकड्या नाहीतच, ओबीचे डंप आहेत. आता आपल्या भागाचं नशीब असं की इथे कोळशाच्या वर जो दगड आहे तो कामठी सँडस्टोन, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेली रेती दबून दबून झालेला, आणि बऱ्यापैकी ठिसूळ. तो फोडला, धुतला, चाळला की परत रेतीच. वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स, इथली सरकारी कोळसा कंपनी) आधी भानेगावला छोटा प्लांट लावला, मग गोंडेगावला मोठा, आणि त्यातली रेती एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) पंतप्रधान आवासच्या घरांना गेली. म्हणजे हे कोणाचं तरी गच्चीवरचं एक्सपेरिमेंट नाही, लोक अशा घरात राहून राहिले आहेत.

मी ही रेती का शोधली ते सांगते, कारण बऱ्याच जणांनी विचारलं की कन्हानची रेती नागपुरात मिळत असताना हा उपद्व्याप कशाला.

माझं माहेर मौद्याकडचं, कन्हानच्या काठचं. उन्हाळ्यात नदीचं पाणी एका बाजूला सरकते आणि बाकी पात्रात रेतीच रेती, त्यात डांगरवाड्या (टरबूज-खरबुजाच्या वाड्या) लागतात. आणि पाण्याजवळच्या उघड्या रेतीच्या पट्ट्यांवर नदी सुरय आणि आर्ली हे पक्षी अंडी घालतात, घरटं वगैरे काही नाही, रेतीतच जराशी खोलगट जागा आणि त्यात रेतीच्याच रंगाची ठिपकेवाली अंडी, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. यांचा अंड्यांचा सीझन मार्च ते मे. आणि रेती उपशाचा खरा जोर पण तेव्हाच, कारण १० जून ते ३० सप्टेंबर पावसाळ्यात उपसा बंद ठेवायचा नियम आहे, त्यामुळे पाऊस यायच्या आधी जेवढं निघेल तेवढं काढून घ्यायची घाई असते. म्हणजे बघा, घाट कायदेशीर लिलावाचा असला, रॉयल्टी भरलेली असली, सगळे कागद ओके असले, तरी पोकलेन आणि टिप्पर नेमके त्याच दिवसांत त्याच रेतीवर फिरतात. चोरीची रेती तर वेगळाच विषय आहे, ती रात्री निघते आणि पात्रात पाणी असलं तरी निघते.

आणि पक्ष्यांपुरतं नाही हे. रेतीचा थर पाणी धरून ठेवते, तो खरवडून खालचा मुरूम किंवा चिकणमाती उघडी पडली की पात्र लवकर आटते, काठच्या विहिरी खाली जातात, मासे जिथे अंडी घालतात त्या उथळ जागा जातात, आणि मग ढीवर समाजाच्या लोकांची मासेमारी पण जाते. नागपूरला प्यायचं पाणी पेंच आणि कन्हानमधूनच येते हे आपण घर बांधताना विसरतो. केंद्राच्या २०१६ आणि २०२० च्या सँड मायनिंगच्या गाइडलाइन्स आहेत, नदी दरवर्षी किती रेती परत आणते तेवढ्याच हिशोबाने काढा असं त्यात आहे, पण पेंच आणि तिच्यासारख्या नद्यांवर वर धरणं बांधल्यावर खाली रेती येणार कुठून.

तर मला नदीची रेती नको होती. पर्याय दोन, एक गिट्टी फोडून केलेली एम-सँड आणि दुसरी ही ओबीवाली. एम-सँडला राज्याने २०२५ मध्ये वेगळी पॉलिसीच आणली, रॉयल्टी ब्रासला ६०० वरून २०० केली, सरकारी कामात सुरुवातीला २० टक्के तरी वापरा म्हणून सांगितलं. चांगलंच आहे, पण त्यासाठी काळा दगड फोडायला कुठलीतरी टेकडी लागतेच नं. ओबीचं तसं नाही, तो दगड आधीच खणून बाहेर पडलेला आहे. मला हा मुद्दा सगळ्यात जास्त पटला.

आता रेतीबद्दल.

पहिला टिप्पर आला तेव्हा मिस्त्रीभाऊंनी मूठभर उचलली, हातावर घासली आणि म्हणाले, ताई ही तं लाल दिसून राहिली, माती आहे याच्यात, मी जबाबदारी घेत नाही. त्यांचं चूक नव्हतं, आयुष्यभर कन्हानची रेती वापरलेला माणूस आहे आणि ही रंगाने पिवळसर-लालसरच असते. पण रंग म्हणजे माती नाही, सँडस्टोनमधल्या लोखंडाचा रंग असतो तो. मग तिथेच काचेच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवून दोन-तीन तास ठेवलं. खाली रेती बसते, वर मातीचा थर बसतो, तो थर रेतीच्या उंचीच्या ८ टक्क्यांच्या आत असला तर साइटवर चालवून घेतात. आमचा बराच आत होता. नंतर त्यांनी स्वतःच प्रत्येक टिप्परला ग्लास लावायला सुरुवात केली आणि एक टिप्पर तर त्यांनीच परत पाठवला, त्यात न धुतलेला माल मिसळलेला होता, सप्लायरने कुरकुर केली पण नेला वापस.

ग्लास टेस्टवर थांबू नका मात्र. लॅबमध्ये सॅम्पल द्या आणि आयएस ३८३ ची (काँक्रीटच्या रेती-गिट्टीचं भारतीय मानक) २०१६ वाली आवृत्ती धरून टेस्ट मागा. त्यात दोन गोष्टी मुद्दाम बघायच्या. एक, ७५ मायक्रॉनच्या खालचा बारीक माल, न फोडलेल्या नैसर्गिक रेतीला ३ टक्के आणि फोडून केलेल्या रेतीला १५ टक्क्यांपर्यंत चालते, त्यामुळे तुमची रेती कोणत्या प्रकारात धरली आहे ते रिपोर्टवर लिहून घ्या नाहीतर सप्लायर तुम्हाला १५ चा आकडा दाखवून मातकट माल गळ्यात मारेल. दुसरी गोष्ट, कोळसा. हो, खाणीची रेती आहे तर कोळशाचे कण येऊ शकतात, त्याला मर्यादा १ टक्का आहे. कोळसा नरम असतो, काँक्रीटमध्ये कमजोर जागा करते आणि छपाईत असला तर काळे डाग देते. कोळसा रेतीपेक्षा हलका, त्यामुळे पाण्यात ढवळून सोडलं की शेवटी वर बसतो, काळी रेघ दिसली की समजून जायचं. आम्हाला अशी रेघ एकदाही दिसली नाही.

ग्रेडिंग, म्हणजे बारीक-जाड कणांचं प्रमाण, आमचं मानकाच्या झोन दोनमध्ये आलं, काँक्रीटला पाहिजे तसंच. एक फरक जाणवला की कण नदीच्या रेतीइतके गुळगुळीत नाहीत म्हणून माल थोडा कोरडा वाटतो आणि लेबर लगेच पाण्याची बादली उचलते. तिथे ओरडा पण पाणी वाढवू देऊ नका, त्याऐवजी प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं केमिकल) टाका, आमच्या इंजिनियरने तेच केलं आणि व्हायब्रेटरने माल छान बसला. एम २५ ग्रेडच्या काँक्रीटच्या क्यूब (मजबुती तपासायचे ठोकळे) २८ दिवसांना पास झाल्या, मार्जिन ठेवून झाल्या. स्लॅबला पहिला पाऊस येऊन गेला, गळती शून्य. तराई (पाणी मारून ओलं ठेवणं) नीट केली हे पण सांगते, कारण तराई न करता रेतीला शिव्या देणारे खूप भेटले.

जोडाईला काहीच प्रॉब्लेम नाही. छपाईला आहे. आहे तशी वापरली तर खरखरीत दिसते, बारीक जाळीने चाळावीच लागते, आणि आमच्या साइटवर रेती चाळायचं काम दोन रेजा (मजूर बाया) करत होत्या त्यांची मजुरी वाढली ती मी खुशीने दिली, पण हा खर्च हिशोबात धरा. बाहेरच्या एका भिंतीवर केसासारख्या भेगा आल्या, पश्चिमेची भिंत, मे महिन्याचं ऊन, आणि त्या भिंतीचा माल जरा जास्त बारीक चाळला गेला होता. पुट्टीत झाकल्या गेल्या. बाहेरच्या छपाईला दोन कोटात करा आणि फार बारीक चाळू नका एवढंच सांगेन.

आता ज्यासाठी मी खरं तर हे एवढं लिहून राहिले ते.

ओबीचे डंप म्हणजे नुसता बाजूला टाकलेला कचरा नाही, त्याच्याखाली जमीन गेलेली असते, कधी शेत, कधी झुडपी जंगल, कधी पूर्ण जंगल. एक टन कोळसा काढायला कितीतरी क्युबिक मीटर ओबी हलवावा लागतो, खड्डा जितका खोल तितका जास्त. पावसाळ्यात डंपची बारीक माती वाहून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते, पाणी गढूळ होते, माशांच्या अंड्यांवर गाळ बसतो. म्हणजे कन्हान खोऱ्याला दोन्हीकडून मार बसून राहिला आहे, पात्रातली रेती आपण घरासाठी उचलून नेतो आणि वरून डंपची माती तिच्यात येऊन पडते. डंप नीट बांधला, भोवती गारलँड ड्रेन (गोल नाली) काढली, गाळ बसायला सेटलिंग पाँड ठेवला तर हे बरंच थांबते, पण डंपच लहान राहिला तर अजून चांगलं.

आणि विदर्भात खाणी अशा जागी आहेत की शेजारी वाघ आहे. उमरेड घ्या, कोळशाच्या खाणी आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जवळजवळ, २०१२ मध्ये जाहीर झालेलं, साधारण १८९ चौरस किलोमीटरचं, म्हणजे वाघाच्या हिशोबाने लहानसंच, त्याचं खरं मोल हे की ताडोबा आणि नागझिऱ्याकडचे वाघ इथून ये-जा करतात. अशा जागी एक नवीन डंप म्हणजे वाटेत उभी केलेली भिंत. चंद्रपूरला तर जुन्या डंपांवर विलायती बाभूळ माजली, तिच्या आडोशाला रानडुक्कर आलं, रानडुकराच्या मागे बिबट्या आणि वाघ आले, आणि दुर्गापूर, ऊर्जानगरसारख्या वस्त्यांमध्ये माणसं मेली. डंप हिरवा दिसला म्हणजे जंगल झालं असं नाही. तिथे कोणतं झाड लावलं, वस्तीला लागून झुडूप ठेवलं की मोकळा गवताचा पट्टा ठेवला, पाणी कोणत्या बाजूला ठेवलं, याचा विचार खाण चालू असतानाच व्हायला पाहिजे.

चांगलं काम होते, होत नाही असं नाही. आपल्याच नागपूरच्या नीरीने (पर्यावरणावर काम करणारी सरकारी संशोधन संस्था) गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपवर फार आधी हे करून दाखवलं आहे, जिथे गवत उगवत नव्हतं तिथे साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) टाकून, मुळांना मायकोरायझा बुरशी आणि नायट्रोजन धरणारे जिवाणू देऊन झाडं जगवली. मला याचा फार अभिमान वाटते आणि नागपुरात दहा लोकांना विचारलं तर नऊ जणांना माहीत नसते.

अंडरग्राउंड खाणींची पण एक गोष्ट यात येते. कोळसा काढल्यावर आत जी पोकळी राहते ती भरायला पाण्याबरोबर रेती सोडतात, स्टोइंग म्हणतात, म्हणजे वरची जमीन खचू नये, वर शेत असो की जंगल. आणि त्यासाठी पण पूर्वापार नदीचीच रेती जायची. एका जागची जमीन वाचवायला दुसरीकडची नदी खरवडायची. ओबीची रेती तिथे वापरली तर हा चक्रव्यूहच सुटते.

आता तो कापलेला स्टार. आमच्या सप्लायरला मी विचारलं की भाऊ, हा माल जुन्या डंपचा की चालू खाणीतला, आणि धुतल्यावर जो चिखल निघते तो जाते कुठे. दोन्हीचं उत्तर नाही मिळालं. बिलावर नुसतं रेती लिहिलेलं. हे मला चालत नाही, कारण सगळा फायदा याच्यावरच उभा आहे. चिखलाचं पाणी जर सरळ नाल्यात सोडलं तर नदी वाचवायच्या नावावर नदीच बुजवली. तो चिखल बॅकफिलला, म्हणजे खाणीचा खड्डा परत भरायला, जायला पाहिजे. आणि वरची काळी माती, टॉपसॉइल, तिचा तर एक घमेलाभरही विकायला नको, ती वेगळी काढून ठेवून शेवटी परत अंथरायची असते, तिच्यातच इथल्या गवताचं, पळसाचं, मोहाचं बी असते. सगळाच ओबी विकून टाकला आणि खड्डा तसाच उघडा सोडला तर तेही चुकीचं, बॅकफिलला लागणारा माल आधी बाजूला ठेवून उरलेल्याची रेती व्हावी.

दुसरी तक्रार गाड्यांची. एकदा टिप्पर रात्री साडेबाराला आला, ताडपत्री नाही, रस्ताभर धूळ. मी त्यानंतर सांगून ठेवलं की दिवसा आणा नाहीतर आणू नका. यात माझ्या झोपेचा प्रश्न नाही, या भागातले बरेच रस्ते जंगलाला लागून जातात आणि रात्रीच्या हेवी गाड्यांखाली चितळ, रानमांजर, साळिंदर, सगळं येते. कस्टमरने अट घातली तर गाडी दिवसा येते, आमच्याकडे आली.

कोणी म्हणेल ही रेती विकून खाणवाल्यांना अजून खाणी उघडायला कारण मिळेल. मला ही भीती खरी वाटते. ताडोब्याला लागून लोहाऱ्याची खाण येणार होती, २००९ मध्ये चंद्रपूरच्या लोकांनी उपोषण-आंदोलन करून ती अडवली, ते बरोबरच केलं आणि उद्या असं काही आलं तर मी पण जाऊन बसेन. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंच आहे की नॅशनल पार्क आणि अभयारण्याच्या आत आणि हद्दीपासून १ किलोमीटरपर्यंत खाणकाम नाही. ज्या जागी खाण नकोच तिथे रेतीचं निमित्त नको. पण जे डंप आज उभे आहेत, ते दर पावसाळ्यात वाहून राहिले आहेत, त्यांचं काय करायचं हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं एक चांगलं उत्तर माझ्या घराच्या भिंतीत आहे असं मला मनापासून वाटते.

कोणाला घ्यायची असेल तर सप्लायरकडून फक्त भाव विचारू नका. खाणीचं किंवा प्लांटचं नाव बिलावर मागा, वाहतूक पास मागा, गाडी नंबर पासवरच्या नंबरशी जुळवा. आमच्या भागात काही जण कन्हानची चोरीची रेती ओबीत मिसळून विकतात असं ऐकलं, ग्लासात ते कळत नाही, कागदावर कळते. पहिल्यांदा एकच गाडी मागवा, लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत दुसरी नको. छोटं काम असेल, कंपाउंड वगैरे, तर शेजारच्या साइटवाल्याला धरून एक पूर्ण हायवा (मोठा टिप्पर) मागवा आणि अर्धी-अर्धी करा, भाव पण कमी पडते आणि फेऱ्या पण. छपाईच्या मिस्त्रीला आधीच सांगा की ही कोणती रेती आहे आणि त्याला एक भिंत सॅम्पल म्हणून करू द्या, आठ दिवस तराई करून बघा, मग पुढचं ठरवा. आमच्या मिस्त्रीभाऊंनी आता मानेवाड्याच्या एका साइटवर हीच रेती घ्यायला मालकाला तयार केलं आहे, त्यांना लॅब रिपोर्ट पाहिजे होता म्हणून आमचाच दाखवायला नेला.